खुलासा : ‘सोलापूर-मुंबई एका मिनिटात’

‘हायपरलूप तयार, रॉकेटच्या वेगाने सोलापूर-मुंबई एका मिनिटात’ हा मेसेज परवा मीच ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. हायपरलूप म्हणजे हवा जवळजवळ काढून टाकलेल्या नळीतून प्रवासी डबा वेगाने पळवायची कल्पना.

कक्षेत जाणारं रॉकेट ताशी सुमारे 28,000 किमी गाठतं, तेही विरळ हवेत पोचल्यावर. हायपरलूपच्या 2013च्या आराखड्यातच वेग ताशी 1,200च्या आसपास होता. माणसं बसवून 2020 साली अमेरिकेतल्या नेवाडात चाचणी झाली, 500 मीटरच्या नळीत, ताशी 172 किमीने. आणि आपलं ऊन? तापमान 30 अंशांनी चढलं तर 400 किमी पोलादी नळी जवळपास 144 मीटर लांबते. एवढं सांधे सांभाळून आत निर्वात राखायचं, हे खरं दुखणं.

मी मेसेज काढलाय. तुम्हीही पुढे पाठवू नका. तूर्तास वंदे भारतच, साडेसहा तास धरून चला.