आमटी स्वस्त, फोडणी महाग

सरकार महागाईचा आकडा दर महिन्याच्या 12 तारखेला जाहीर करतं. आमच्या घरी तो 3-4 तारखेलाच जाहीर होतो. सरकारी आकड्याला दोन दशांश स्थळं असतात, आमच्याकडच्या आकड्याला नुसता आवाज असतो. डब्यांची झाकणं नेहमीपेक्षा जोरात लागू लागली की मी समजून जातो, पैसे वाढवून मागण्याची वेळ आली.

2025 च्या नोव्हेंबरात मात्र मला वाटलं, देवच पावला. 12 तारखेला मोबाइलवर बातमी आली की ऑक्टोबरची किरकोळ महागाई 0.25 टक्के, 2012 हे पायाभूत वर्ष, म्हणजे तुलनेचं वर्ष, धरलेल्या आकड्यांच्या मालिकेतला आजवरचा नीचांक. मी ती बातमी मोठ्याने वाचली. त्या महिन्यात हिने घरखर्चात 2000 रुपयांची वाढ मागितली होती आणि मी 'बघू' म्हणून ठेवलं होतं.

"पाव टक्का!" मी म्हणालो. "शंभराला चार आणे. आपला खर्च धर चाळीस हजार. त्यावर पाव टक्का म्हणजे शंभर रुपये." आणि खिशातून शंभराची कोरी नोट काढून ओट्यावर ठेवली.

"पाव कितीला झालाय ते बघून या आधी," ही म्हणाली. नोट मात्र तिने उचलून मिसळणाच्या डब्याखाली सारली.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर ताटात वरण. बिनफोडणीचं, पिवळंधमक, काठोकाठ. भाजी दोन प्रकारची, दोन्ही उकडलेल्या. पोळीला तेलाचं बोट नाही. मी विचारलं, "कुणाला बरं नाहीये का?"

"सगळे ठणठणीत आहेत. तुमच्या आकड्याप्रमाणे स्वयंपाक केलाय," ही म्हणाली. कॉलेजात अर्थशास्त्र शिकणारी आमची कन्या तेवढ्यात मोबाइल पुढे करून मोकळी झाली. बातमीखाली तक्ता होता, तो मी वाचलाच नव्हता. भाज्या वर्षभरात उणे 27.57 टक्के. डाळी उणे 16.15. आणि तेल-तूप अधिक 11.17.

"बाबा, आमटी स्वस्त झालीये, फोडणी महाग," ती म्हणाली. "पाव टक्का ही अशा सगळ्यांची मिळून सरासरी आहे. नुसती सरासरी कशी लागते ते आईने वाढलंय."

तीन दिवस मी सरासरी जेवलो. चौथ्या दिवशी शरणागती पत्करली, पण पुरुषाला शरणागतीसुद्धा काहीतरी अभ्यासपूर्ण करून पत्करावी लागते. म्हणून मी जाहीर केलं की देशाचा आकडा देशाला लखलाभ, आपण आपल्या घराचा निर्देशांक काढू. हे वाक्य मी गिळून टाकायला हवं होतं, पण ते कळायला दोन महिने जायचे होते.

सरकारची पद्धत ऐकायला सोपी आहे. लोक कशावर किती खर्च करतात ते पाहणी करून विचारायचं, त्यावरून प्रत्येक गोष्टीला वजन द्यायचं, मग ठरलेल्या गावांतून आणि शहरांतल्या बाजारांतून दर महिन्याला भाव आणायचे आणि वजनाने गुणून बेरीज करायची. 2012 च्या टोपलीत, म्हणजे भाव बघायच्या यादीत, अशा 299 वस्तू होत्या आणि भाव 1181 गावांतून आणि शहरांतल्या 1114 बाजारांतून यायचे. आमच्याकडे बाजार एकच आणि पाहणी अधिकारी मीच. वजनांसाठी आईची हिशेबाची वही होती.

आईची वही म्हणजे आमच्या घराचं सांख्यिकी मंत्रालय. गेली चाळीसेक वर्षं ती रोज रात्री लिहिते. मी मोठ्या उत्साहाने गेल्या वर्षाचे रकाने जोडायला बसलो आणि लक्षात आलं की तिच्या वहीत सगळ्यात मोठा खर्च 'किरकोळ' या नावाखाली आहे. त्यात रिक्षा होती, डॉक्टर होते, भिशी होती, पुतणीच्या लग्नाचा आहेर होता आणि एके ठिकाणी नुसतं 'त्यांना दिले' असं होतं. हे 'ते' कोण, हे तिने आजतागायत सांगितलेलं नाही. मला हसू आलं होतं, पण सरकारचा तक्ता उघडून बघितला तर तिथेही 'संकीर्ण' नावाचा गठ्ठा, आणि त्याचं वजन शंभरात 28.32. औषधं, शाळेची फी, बसभाडं, सिनेमा, साबण, सगळं त्यात. आई म्हणाली, "बघ, त्यांचंही माझ्यासारखंच आहे." त्या दिवसापासून तिचा सरकारवरचा विश्वास वाढला.

मग सुरू झालं काय कुठे घालायचं यावरून महाभारत. हिने दिवाळीआधी कानातले केले होते. तोळ्याचा भाव लाखाच्या पार गेलेला. मी ते 'गुंतवणूक' या रकान्यात घातले, म्हणजे आपोआप निर्देशांकाबाहेर. कन्येने सरकारी यादी दाखवली. सोनं तिथे 'वैयक्तिक निगा' या गटात आहे, साबण, कंगवा आणि दाढीच्या पात्याच्या पंक्तीला. त्या ऑक्टोबरात हा गट 23.88 टक्क्यांनी वर होता. देशातले लोक अचानक जास्त दाढ्या करू लागले होते असं नाही, सोन्या-चांदीने तो गट वर ओढला होता. "म्हणजे माझे कानातले ही निगा आहे," ही म्हणाली. मी म्हटलं, आहे बाई. दाढी करताना अजूनही मला ते आठवतं.

घराचा हप्ता हे माझं हुकमाचं पान होतं. पगाराचा तिसरा हिस्सा तोच खातो. तो घातला की बाकी सगळे रकाने आपोआप बारीक दिसणार आणि कुणी तेलाबद्दल बोलणार नाही, असा माझा डाव. तर कळलं की कर्जाचा हप्ता निर्देशांकात धरतच नाहीत. घर विकत घेणं हा खर्च नव्हे. मात्र स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनी तेच घर भाड्याने घेतलं असतं तर किती मोजले असते, ते धरतात. म्हणजे जे पैसे मी खरोखर देतो ते हिशेबात नाहीत, आणि जे भाडं मी मलाच देत नाही ते आहे. या वाक्याचा अर्थ मी आईला तीनदा समजावून सांगितला. शेवटी ती म्हणाली, "तू दोन दिवस सुट्टी घे."

वजनांची सरकारी यादी तशी वाचनीय आहे, निदान कुठल्याही टीव्ही मालिकेपेक्षा जास्त. 2012 च्या टोपलीत डाळींचं वजन 2.38 आणि पान, तंबाखू, मादक पदार्थ यांचंही 2.38. काट्यावर ठेवलं तर अख्खा देश डाळीला आणि तंबाखूला अगदी समसमान. अंडी 0.43. भाज्या 6.04. पण मी ज्यावर खरा अडकलो ती गोष्ट या यादीत कुठेच नव्हती.

कोथिंबीर. म्हणजे विकतची नव्हे, वरची.

आमच्या कोपऱ्यावर भाजीवाल्या आजी बसतात. त्यांच्याकडून भाजी घेतली की त्या पिशवी परत द्यायच्या आधी एक मूठ कोथिंबीर आणि दोन हिरव्या मिरच्या वर टाकायच्या. मागायला लागायचं नाही. त्या मुठीने आमच्या घरातले पोहे, कढी, भरली वांगी, सगळं सजायचं. मग मध्यंतरी भाज्या कडाडल्या आणि मूठ चिमटीवर आली. चिमटीची दोन काड्या झाल्या. मग एक दिवस पिशवी तशीच हातात आली. मी रेंगाळलो. आजींनी वर न बघता विचारलं, "कोथिंबीर का? धा रुपये."

आता हे निर्देशांकात कसं भरायचं? काल भाव शून्य, आज 10. वाढ किती टक्के? संगणकाला विचारलं तर त्याने चौकटीत चूक दाखवली, शून्याने भागता येत नाही म्हणाला. मी गणिताप्रमाणे विचार केला तर आमच्या घरची कोथिंबिरीची महागाई अनंत होती. अनंताला कितीही लहान वजन दिलं तरी गुणाकार अनंतच येतो, म्हणजे त्या महिन्याचा आमचा निर्देशांक अनंत. ही म्हणाली, "मी तर दोनच हजार मागत होते."

बरं, आता भाज्या सरकारी तक्त्यात सत्तावीस-अठ्ठावीस टक्क्यांनी उतरल्यात, मग मूठ परत का नाही आली? हा प्रश्न मी आजींनाच विचारला. "भाव उतरला की गिऱ्हाईक म्हणतं, आता उतरलाय तर वर काय द्यायचं ते द्या. चढला की म्हणतं, एवढे पैसे घेता, वर काय देता ते द्या. म्या कधी घ्यावं मंग?" त्या म्हणाल्या. याला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते कन्येलाही माहीत नव्हतं. तिने मात्र घरी आल्यावर एक हिशेब मांडून दाखवला. 2024 च्या ऑक्टोबरात भाज्या वर्षभरात 42.18 टक्क्यांनी चढल्या होत्या. म्हणजे 2023 मधली 100 ची भाजी 142 ला गेली. तिथून 27.57 टक्के उतरली, तर झाली 103. दोन वर्षं घाम गाळून भाजी जिथली तिथे. वर्तमानपत्रात पहिल्यांदा भडका आला, दुसऱ्यांदा दिलासा आला. आईने वहीतून मान वर काढून एवढंच विचारलं, "मधल्या वर्षी जास्तीचे दिले ते कुणी परत केले का?"

एव्हाना धुण्याभांड्याच्या ताईंच्या कानावर हे संशोधन गेलं होतं. त्यांनीही वाढ मागितली. मला वाटलं, इथे तरी आपला अभ्यास चालेल. गरिबाच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा असतो, हे अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन माणसाने 1857 मध्येच सांगून ठेवलंय. आपल्याकडेही 2012 च्या टोपलीत खाण्यापिण्याचं वजन शहरात 36.29, खेड्यात 54.18. अन्न तर स्वस्त झालेलं. म्हणजे शास्त्राप्रमाणे ताईंची महागाई शून्याच्या खाली असणार. मी हे जमेल तितक्या गोड शब्दांत सांगितलं.

ताईंनी फरशी पुसायचा कपडा पिळला. "म्हणजे दादा, माझाच पगार कमी करायचा म्हणता?"

"तसं नव्हे..."

"भाजी उतरली म्हणून खोलीवाल्याने भाडं उतरवलं नाही. पोराची फी उतरली नाही. वडापवाला म्हणत नाही की मावशी, वांगी स्वस्त झाली, आज पाच कमी द्या." त्या पुढची फरशी पुसायला सरकल्या. "आणि स्वस्त भाजी मी पैलेपासूनच घेते. संध्याकाळी उरलेली."

पगार वाढला. किती, ते आईच्या वहीत 'त्यांना दिले' या नोंदीत आहे. मीच तशी विनंती केली.

2026 च्या फेब्रुवारीत सरकारने टोपलीच बदलली. आता पायाभूत वर्ष 2024. खाण्यापिण्याचं वजन 45.86 वरून सदतीसच्या आसपास आलं, आणि टेपरेकॉर्डर, डीव्हीडी प्लेअर अशा गोष्टी यादीतून गेल्या. ही बातमी मी चहा घेताना वाचून दाखवली. आईने कपाटावरच्या टेपकडे पाहिलं. गेली पंधरा वर्षं तो वाजलेला नाही, पण दर दसऱ्याला त्याला फूल मिळतं. "म्हणजे इतकी वर्षं तो महागाईत होता?" तिने विचारलं. मी म्हटलं, होता. "मग बरं झालं मी सांभाळला," ती म्हणाली. या बोलण्यातलं तर्कशास्त्र मला अजून सापडायचं आहे.

माझा निर्देशांक तेवढा अर्धवट पडून होता, त्या एका चौकटीपायी. परवा संध्याकाळी आजींकडे गेलो. उशीर झाला होता, त्या पाट्या आवरत होत्या. मी अर्धा किलो वांगी घेतली, सुटे मोजून दिले, कोथिंबिरीचं नावही काढलं नाही. आजींनी पिशवी घेतली, क्षणभर थांबल्या आणि गोणपाटाखाली हात घालून एक मूठ वर टाकली. पैसे नाहीत, बोलणं नाही.

मी जवळजवळ धावत घरी आलो. संगणक उघडला, 10 चा शून्य केला. या वेळी कसली चूक आली नाही. उणे 100 टक्के. पिशवी ओट्यावर ठेवत मी हिला म्हणालो, "बघ, कोथिंबीर शंभर टक्क्यांनी उतरली."

तिने मूठ उचलली, नळाखाली धरली आणि निवडायला लागली. पिवळी पानं एकीकडे, काड्या एकीकडे. शेवटी ताटलीत चार पानं राहिली.

"कालची आहे," ती म्हणाली. "आणि ते दोन हजार?"