कोलाडला चढलेला ट्रक आणि कोकणी माणसाचा आळस

दर मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. यंदाही फिरला. मजकूर थोडक्यात असा: कोकणाला रेल्वे मिळाली, चौपदरी हायवे मिळाला, बंदरं तर देवानेच दिली, विमानतळही झाला. एवढं असून इथे धंदा उभा राहत नाही, कारण कोकणी माणसाला कष्ट नकोत, मुंबईची मनीऑर्डर हवी. खाली अंगठ्यांची रांग.

मी राजापूर तालुक्यात आंबा करतो आणि माल वाशीला पाठवतो. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

आधी रेल्वे. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर, त्यात 91 बोगदे. काम अचाट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण रूळ एकेरी. रोहा ते वीर हा जेमतेम 47 किलोमीटरचा तुकडा 2021 मध्ये दुहेरी झाला, आमच्याकडे अजून समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात उभं राहावं लागतं. पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक, वेग आणखी कमी. मालगाडीने माल पाठवायचा तर भरायला अख्खी रेक, म्हणजे डब्यांची पूर्ण गाडी लागते, माझ्या चारशे पेट्या तिच्या कोपऱ्यातही दिसणार नाहीत. पॅसेंजर गाडीच्या पार्सल डब्यात टाकायच्या म्हटलं तर गाडी थांबते दोन मिनिटं. तेवढ्यात हमाल किती पेट्या चढवणार?

आता गंमत बघा. 1999 पासून याच रुळांवरून रो-रो चालते. रायगडातल्या कोलाडला भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला किंवा पुढे सुरतकलला उतरतात. राजापूर रोड स्टेशनवर उभं राहिलं की ते डोळ्यांसमोरून जातात: ताडपत्री घट्ट बांधलेली, केबिनमध्ये ड्रायव्हर निवांत झोपलेला, दरवाजाला टॉवेल वाळत घातलेला. डिझेल वाचतं, टायर वाचतात, घाट वाचतो. उत्तम सोय आहे. फक्त ती कोकण ओलांडणाऱ्यांची आहे.

दुसरा मुद्दा मुंबई-गोवा हायवे, आणि यावर मला जरा जास्त बोलू द्या. पनवेल ते इंदापूर हे 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं. तेव्हा बालवाडीत घातलेलं पोर एव्हाना कॉलेजात गेलं. आता हे आमच्या आळसामुळे की काय? महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला, माणसं भरलेल्या एसट्यांसकट. नवा पूल 165 दिवसांत बांधला आणि जून 2017 मध्ये वाहतुकीला खुला केला. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

उशीर झाला की आंब्याचं काय होतं ते सांगतो. पेट्या संध्याकाळी भरतो, उन्हाचा ताव उतरला की टेम्पो सुटतो, पहाटे वाशीत लागला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माणगावच्या बाजारपेठेत रात्रभर कोंडी झाली. ड्रायव्हरचा फोन आला, ‘‘भाऊ, हलतच नाय काय.’’ गाडी पोचली तोवर गिऱ्हाईक उठून गेलं होतं. माल दुसऱ्या दिवशी विकला आणि दलालाची हिशेबाची पट्टी हातात आली तेव्हा पेटीमागे सातशे रुपये कमी. भाडं, हमाली, दलाली मात्र पूर्ण कापलेली. असे तीन दिवस एका हंगामात आले की फवारणीचा खर्च अंगावर येतो. बागायतदाराचा धंदा असा बुडतो, झोपा काढून नव्हे.

बंदरं. जयगडला खोल पाण्याचं बंदर आहे, खासगी, मोठी जहाजं लागतात. तिथे मुख्यतः कोळसा, खनिज असा घाऊक माल येतो. बंदर कोकण रेल्वेला जोडायला डिंगणीपर्यंत रूळ टाकायचे ठरलं होतं, ते ठरण्यापुरतंच राहिलं. रूळ नसलेल्या बंदरातून माझ्यासारख्याने काय पाठवायचं?

विमानतळ सिंधुदुर्गातल्या चिपीचा, ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला. मुंबईची विमानसेवा मध्ये बंदही पडली. पुढे जाऊ.

मेसेजवाला एक गोष्ट विसरतो, ती सह्याद्री. कर्जत-लोणावळ्याच्या घाटाच्या दक्षिणेला रेल्वे सह्याद्री ओलांडते ती थेट गोव्यात, कुळे ते कॅसल रॉक. मधल्या सगळ्या पट्ट्यात एकही रेल्वे देशावर चढत नाही. कराड-चिपळूण आणि वैभववाडी-कोल्हापूर या रेल्वेमार्गांची नावं आम्ही वर्षानुवर्षं अर्थसंकल्पाच्या बातम्यांत वाचतो. कारखानदाराला कच्चा माल देशावरून आणायचा तर आंबा घाट, कुंभार्ली घाट नाहीतर गगनबावड्याचा घाट. पावसाळ्यात दरड आली की तेही गेलं.

राहिला आळस. रायगडही कोकणच ना? तिथे उरणला 1989 ला जेएनपीटी बंदर आलं, मुंबई-पुण्याच्या रुळांचा आणि रस्त्यांचा शेजार आधीपासून होता. तळोजा, रसायनी, खोपोली, रोह्याचे कारखाने बघा. माणसं आमच्याच रक्ताची आहेत.

आमच्या बाजूला दोष नाहीत असं मी म्हणत नाही. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली दहा मुंबईत, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एवढ्या सह्या गोळा करण्यात उद्योग काढणाऱ्याची उमेद जाते. पण त्याला आळस म्हणत नाहीत, भाऊबंदकी म्हणतात.

तो मेसेज टाकणारा माझा चुलतभाऊच, ठाण्याला असतो. मेअखेर परत जायला त्याला रेल्वेचं तिकीट मिळालं नाही, तेव्हा माझ्या आंब्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून निघाला. सकाळी नऊला त्याचा फोन, ‘‘दादा, आम्ही अजून वडखळच्या अलीकडेच आहोत. वाशीच्या दलालाला तू कळवतोस की मी सांगू?’’