मनोरुग्णालयांच्या इतिहासात सिस्टर कुठे आहेत?

आपल्याकडे मानसिक आरोग्यातल्या सुधारणांवर जे लिहिलं जातं, त्यात कायदे येतात, इमारती येतात, सुपरिंटेंडेंट साहेब येतात. रुग्णाला रोज उठवणारं, आंघोळ घालणारं, त्याच्यासाठी रात्र जागणारं माणूस मात्र येत नाही. मी नर्सिंग शिकवते आणि मला हे मनापासून खटकतं. इंग्रजी अमदानीतली सुधारणा नेमकी याच जागी अडली होती, असं माझं ठाम मत आहे.

वेड्यांच्या इस्पितळांसाठी केलेल्या १८५८ च्या कायद्याचा सगळा भर माणसाला आत कसं घ्यायचं, कोणाच्या हुकमाने ठेवायचं, कधी सोडायचं यावर. आत त्याला कोणी सांभाळायचं? कीपर आणि वॉर्डरनी. पगार तुटपुंजा, शिक्षण काहीच नाही, आणि रुग्ण पळाला तर जाब त्यांनाच. त्यांना सरसकट क्रूर ठरवून मोकळं व्हायला मी तयार नाही. पहाऱ्याला नेमलेल्या माणसाकडून शुश्रूषेची अपेक्षा करणाऱ्या सरकारचा तो दोष होता.

याचा परिणाम काय झाला, ते गांजा-भांगेच्या परिणामांची तपासणी करायला सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या १८९३-९४ च्या चौकशीत दिसतं. देशभरातल्या वेड्यांच्या इस्पितळांत १८९२ साली दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांगेचं कारण होतं. कमिशनने एकेक प्रकरण उकरलं, तर जेमतेम ९८ टिकली. बाकीच्यांत पोलिसांच्या कागदावर आलेलं कारण बहुतेक वेळा तसंच रजिस्टरात उतरलं होतं! रुग्णाजवळ बसून, त्याचं बोलणं-वागणं दिवसेंदिवस पाहून लिहिणारं शिकलेलं माणूसच तिथे नव्हतं. हे वाचलं की मला आजही संताप येतो.

आणि हे शिक्षण तेव्हा जगात नव्हतंच, असंही नाही. खुद्द ब्रिटनमध्ये १८८५ साली अशा कर्मचाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तक निघालं, १८९१ पासून परीक्षा आणि प्रमाणपत्र सुरू झालं. आपल्याकडे तेव्हा ठाण्याचं इस्पितळ उभंही राहिलं नव्हतं, ते १९०१ चं.

रांचीची गोष्ट तर नीट सांगायलाच हवी. तिथे १९१८ साली युरोपियनांसाठी वेगळं इस्पितळ उघडलं. पुढच्याच वर्षी सुपरिंटेंडेंट म्हणून आलेल्या डॉ. ओवेन बर्कली-हिल यांनी तिथलं वातावरण पालटलं, रुग्णांना हाताला काम दिलं, नर्सिंगचा दर्जा वाढवण्यावर भर दिला. ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव १९२० मध्ये आलं, त्यातही त्यांचा मोठा वाटा. पण ही सगळी नवलाई आधी गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन रुग्णांच्या वाट्याला आली. भारतीयांचं इस्पितळ तिथेच कांक्याला १९२५ साली सुरू झालं. ते डॉ. धनजीभॉय या पारशी डॉक्टरांनी नेटाने चालवलं, पण साधनांची ओढाताण कायमची. सुधारणेलासुद्धा कातडीचा रंग होता, हे स्पष्ट म्हणायला आपण का कचरतो?

स्वातंत्र्याच्या तोंडावर देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी १९ इस्पितळं पाहिली. खाटा १०,१८१. त्यांचा निष्कर्ष असा की यातली बरीच इस्पितळं उपचारांसाठी नव्हे, डांबून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. मनोरुग्ण परिचर्येचा वर्षभराचा अभ्यासक्रम बंगळुरूला सुरू व्हायला १९५६ उजाडावं लागलं.

आजही माझ्या विद्यार्थिनी सायकियाट्री पोस्टिंगला जाताना विचारतात, ‘मॅडम, तिथे आपण नेमकं करायचं काय?’ गोळी दिल्यावर जीभ उचलायला सांगून ती गालात दडवली नाही ना, ते पाहायचं. काल ताट पुढे ओढून जेवलेली बाई आज भाकरी नुसती कुस्करत बसलीय, हे टिपायचं आणि राउंडला डॉक्टरांना सांगायचं. रात्री कोण किती झोपलं, ते लिहायचं. उपचार यावरच चालतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मेंटल हेल्थ नर्सची व्याख्या आहे. मग मनोरुग्ण परिचर्या शिकलेल्या मुलीची बदली दुसऱ्याच वॉर्डात का होते? तिला तिच्याच कामाचं पद द्या.

आणि एक विनंती. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत तुमच्या घरातलं कोणी अटेंडंट, सिस्टर किंवा ब्रदर म्हणून नोकरीला होतं का? त्यांची नेमणुकीची पत्रं, फोटो रद्दीत घालू नका. हयात असतील तर मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. मला कळवलंत तर मी स्वतः येऊन ऐकेन.