तीन डोळे, पण फोटो दोनच

तीन डोळ्यांच्या एका जुन्या कॅमेऱ्याचा फोटो सध्या सगळीकडे फिरतोय. खाली मजकूर असा: '१९४७ मध्ये अमेरिकेच्या सीटन रॉचवाइट यांनी थ्रीडी फोटोग्राफीचा शोध लावला. दोन साधे कॅमेरे जोडले की झालं! तीन लेन्समधून तीन फोटो निघत. थ्रीडी सिनेमांची लाट आली म्हणून हा कॅमेरा बाजारात आला.'

कॅमेरा खरा आहे. त्याचं नाव स्टिरिओ रिअलिस्ट. साल बरोबर, रॉचवाइटही बरोबर. बाकी सगळं चुकलंय.

'शोध लावला' म्हणणाऱ्याने १०९ वर्षं गिळली. डाव्या-उजव्या डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रं दाखवली की दृश्याची खोली जाणवते, हे लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्येच मांडलं होतं, तेही हाताने काढलेल्या आकृत्यांवर. पॅरिसच्या ज्यूल रिशारचा व्हेरास्कोप हा थ्रीडी कॅमेरा १८९३ चा. आणि लहानपणी आपण खटका दाबून ज्याची चकती फिरवायचो, तो व्ह्यू-मास्टरसुद्धा १९३९ चा. रॉचवाइट हे इंजिनिअर, छंद म्हणून स्वतःसाठी स्टिरिओ, म्हणजे थ्रीडी कॅमेरे बनवणारे. आपलं डिझाइन त्यांनी दिलं मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीला. ही कंपनी तोवर जमीन मोजणीची उपकरणं करायची!

'दोन कॅमेरे जोडले की झालं' हे वाचून तर हसूच आलं. रिअलिस्टच्या दोन लेन्समध्ये साधारण ७ सेंटिमीटर अंतर आहे, आणि दोघींच्या मागून एकच ३५ मिमी रोल धावतो. प्रत्येक फ्रेम फिल्मच्या कडेच्या पाच छिद्रांएवढी रुंद. म्हणजे एका जोडीच्या दोन फ्रेममध्ये आणखी दोन फ्रेमची जागा उरते. ती वाया घालवायची? नाही. रोल दर वेळी दोनच फ्रेम पुढे सरकतो. डावी लेन्स ०, २, ४ या जागा भरते, तर उजवी ३, ५, ७. पत्ते पिसल्यासारख्या जोड्या एकमेकींत गुंततात, आणि ३६ फोटोंच्या रोलमधून २८-२९ जोड्या निघतात. फोकसचंही तसंच. दोन्ही लेन्स एकसारख्या पुढे-मागे करण्याची कटकट नको, म्हणून त्या स्थिर ठेवल्या आणि चाक फिरवलं की आत फिल्मच सरकते. हे 'जोडकाम' नव्हे.

मधली तिसरी लेन्स फोटो काढतच नाही. ती व्ह्यूफाइंडरची, म्हणजे फोटोत काय येणार ते बघायच्या झरोक्याची. फोटो घेणाऱ्या दोघींच्या बरोबर मध्ये बसवल्यामुळे चौकट नेमकी कळते. तिची प्रतिमा आरशांनी खाली आणलीय, कारण डोळा लावायचा झरोका कॅमेऱ्याच्या पाठीवर तळाशी आहे. त्यामुळे कॅमेरा कपाळाला टेकतो आणि हात स्थिर राहतो. नवख्याला मात्र तो उलटा धरल्यासारखाच वाटतो.

राहिली सिनेमाची लाट. हॉलिवूडमध्ये ती उसळली १९५२ च्या अखेरीस, 'ब्वाना डेव्हिल' या थ्रीडी सिनेमापासून. पाच वर्षं आधी आलेल्या कॅमेऱ्याचं कारण ती कशी असेल? रिअलिस्टला हात दिला तो कोडाक्रोम या रंगीत स्लाइड फिल्मने. ती ३५ मिमीमध्ये १९३६ पासून मिळत होती. सिनेमांची लाट दोन-तीन वर्षांत ओसरली. रिअलिस्ट मात्र १९७१ पर्यंत बनत राहिला.