वॅट किती ते सांगा ना!

चार शनिवार झाले टिळक रोडवरची दुकानं पालथी घालतोय, पुतण्याला गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय, आणि एकच साधा प्रश्न विचारतोय, ह्यातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर काढणारा भाग, किती वॅटवर चालतं? कोणालाच माहीत नाही! कार्डाचं नाव तेवढं सांगतात, "सर आरटीएक्स ४०६० आहे, सगळे गेम पळतात." अहो पळतात म्हणजे काय? तेच लॅपटॉपवालं ४०६० एकात ३५ वॅटवर चालतं आणि दुसऱ्यात ११५ वॅटवर, नाव तेच, स्टिकर तोच, पण कमी वॅट म्हणजे कमी ताकद, खेळायला बसलं की जमीन-अस्मानाचा फरक. मग खोक्यावर का नाही छापत? कीबोर्डचे लाईट किती रंगांचे ते छापता, आणि ज्याच्यासाठी लाखभर रुपये मोजायचे तेच गुलदस्त्यात?

स्क्रीनचं पण तेच. १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतं, हे मोठ्या अक्षरात, पण रंग फक्त ४५ टक्के एनटीएससी (रंग मोजायचं एक माप, ४५ म्हणजे फिकेच) हे शोधून शोधून सापडतं. काल दोन लॅपटॉप शेजारी ठेवून एकच फोटो उघडला, एकावर लालभडक जास्वंद, दुसऱ्यावर विटकरी. रॅमची, म्हणजे चालू कामाच्या मेमरीची, तर एकच पट्टी टाकतात, दुसरा स्लॉट रिकामा, दोन पट्ट्यांचा वेग एकीला कुठून येणार, गेम अडखळणारच, आणि वर म्हणतात नंतर वाढवा. नंतर का? आत्ताच ८-८ जीबीच्या दोन टाकायला काय होतं?

पोरगं दहावीपासून पैसे साठवतंय हो, दिवाळीचे, भाऊबीजेचे, वाढदिवसाचे, सगळे. त्यानं काय स्टिकर बघून घ्यायचा?