डॉक्टरांची गाडी म्हणे!

या राज्यातल्या डॉक्टरांकडे नेमक्या किती गाड्या आहेत हो? गेल्या दीड महिन्यात पुण्यात अकरा सेकंडहँड गाड्या बघितल्या, त्यातल्या सात डॉक्टरांच्या. सगळ्या सिंगल हँड, म्हणजे एकाच मालकाने वापरलेल्या, सगळ्या 'फक्त घर ते दवाखाना', आणि सगळ्यांचं रनिंग चाळीस हजारांच्या आत. आम्हाला काय बावळट समजता?

परवाची तर कहरच. 2017 ची स्विफ्ट, एमएच 08, म्हणजे रत्नागिरी पासिंग. मीटरवर 38 हजार. आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून साबणाच्या चिपटीसारखं झालेलं! सोबत आमचे मेकॅनिक काका होते. त्यांनी बोनेट उघडलंसुद्धा नाही. मागचा सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. रोज वापरात न येणाऱ्या त्या वीतभर पट्ट्यावर तांबूस गाळाची सरळ रेघ. मग डिकीतली स्टेपनी काढली. खालच्या खळग्यात वाळून पापुद्रे सुटलेला चिखल.

"चिपळूणची का हो?" काकांनी शांतपणे विचारलं.

"कोकणातली गाडी आहे, काका. थोडा दमटपणा असणारच," गाडी दाखवणारा एजंट म्हणाला.

दमटपणा! जुलै 2021 मध्ये चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली होती आणि हा मला दमटपणा शिकवतोय.

एजंट तर खोटं बोलणारच, त्याचं पोट त्यावर आहे. पण माझी खरी चिडचिड दुसरीच आहे. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला. मालकाचं नाव चांदण्यांनी झाकलेलं, ठीक आहे. कितवा मालक, विमा कधी संपतो, कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. दुसरीकडे ई-चलन बघितलं, तर सिग्नल तोडल्याचा पाचशेचा दंडही बरोब्बर नोंदलेला. पण गाडी पाण्यात बुडाली होती का, विम्याचा मोठा क्लेम झाला होता का, मागच्या सर्व्हिसिंगला मीटर किती होता? चकार शब्द नाही. दंड वसूल करायचा असला की सगळं दिसतं, माझे साडेतीन लाख जायचे असले की सगळे आंधळे!

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. "मालकाशिवाय माहिती देता येत नाही सर." बरं, मालकाचा नंबर द्या म्हटलं, तर एजंट म्हणतो, डॉक्टर ओपीडीत आहेत. रविवारी रात्री साडेदहाला!

आणि टोकनचं, म्हणजे आगाऊ पैशांचं, तुणतुणं वेगळंच. आधीच्या एका गाडीवर बँकेचा बोजा तसाच होता. 'एनओसी आणि फॉर्म 35 (म्हणजे बँकेचा बोजा उतरवायचे कागद) नंतर देतो, आधी दहा हजार टाका.' का टाकू? तुझं लग्न आहे?

काल संध्याकाळी तीच स्विफ्ट पुन्हा जाहिरातीत दिसली. तोच नंबर, तोच फोटो. आता मालकीणबाई शिक्षिका आहेत आणि मीटरवर 31 हजार.