जुळ्यांना आईचं दूध पुरत नाही, असं सांगणारा तो निरोप

जुळी झालेल्या बाईच्या फोनवर पहिल्या आठवड्यातच एक निरोप येऊन पडतो. पाठवणाऱ्याला काळजीच असते. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा: "आईचं दूध जुळ्यांना पुरत नाही. निसर्गानं बाईला एका बाळापुरतंच दूध दिलंय. वजन सावकाश वाढतंय म्हणजे दूध कमी आहे, नाहीतर पातळ आहे. पंप लावून पाहा, निघेल तेवढंच तुमचं दूध. रोज वजन करा. एकाला अंगावर आणि एकाला वरचं अशी वाटणी करून टाका, नाहीतर दोघंही कुपोषित राहतील."

जुळ्यांच्या वजनावर बारीक लक्ष हवं, एवढं त्यातलं मला मान्य आहे. बाकीचं एकेक घेऊ.

आधी तो निसर्ग. दूध किती बनायचं हे बाळंतपणानंतरच्या दिवसांत ठरत जातं, आणि ते मुख्यतः किती दूध बाहेर पडतं यावर ठरतं. बाळ चोखतं तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं आणि दूध बनतं, ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक सुटतं आणि पान्हा येतो. स्तन रिकामा होत राहिला तर दूध भराभर तयार होतं, भरलेला राहिला तर निर्मिती तिथल्या तिथं मंदावते. दोन्ही स्तनांचा हा हिशेब स्वतंत्र चालतो. १९८६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जुळ्यांना पाजणाऱ्या आठ आयांचं दूध मोजलं होतं. सहाव्या महिन्याच्या सुमारास ते दिवसाला ८४० ग्रॅमपासून २१६० ग्रॅमपर्यंत भरलं. सोबत तिळ्यांची एक आई होती, तिचं अडीच महिन्यांना तीन किलोच्या वर. एका बाळाची आई सरासरी ७५० ते ८०० ग्रॅम देते. आठ-नऊ बायांवरून जगाचा नियम बांधता येत नाही हे खरं, पण "शक्यच नाही" हे खोडायला त्यातली एकसुद्धा पुरली असती.

आता वजन. खरा घोळ इथे आहे, त्यामुळे जरा थांबून पाहू.

जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. सात टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची, दहाच्या जवळ गेली की डॉक्टर सावध होतात. प्रसूतीच्या वेळी आईला भरपूर सलाईन लागलं असेल तर बाळाच्या जन्मवजनातही थोडं पाणी असतं, ते शूवाटे गेलं की घट जास्त दिसते. मग वजन चढायला लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना याहून थोडे जास्त दिवस लागू शकतात. आणि जुळ्यांमधली निम्म्याहून जास्त ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आतच जन्मतात.

आता हिशेब करा. बाळ जन्मलं २३०० ग्रॅमचं. चौथ्या दिवशी उतरून २१२० झालं. तिथून ते रोज २५ ग्रॅमनं वाढलं, तर बाराव्या दिवशी काटा २३२० दाखवेल. आजी म्हणणार, "बारा दिवसांत फक्त वीस ग्रॅम!" प्रत्यक्षात बाळानं आठ दिवसांत २०० ग्रॅम कमावलेत. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम ही चांगली वाढ, म्हणजे या बाळाचं उत्तम चाललंय. वाढ मोजायची ती सगळ्यांत खालच्या आकड्यापासून. त्या निरोपात "सावकाश" हा शब्द आहे, पण कधीपासून मोजून सावकाश, हे कुठंच नाही.

तुलनाही चुकीच्या बाळाशी होते. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते पूर्ण दिवसांच्या, एकेकट्या जन्मलेल्या बाळांवरून केलेले आहेत. ३५ व्या आठवड्यात आलेलं जुळं बाळ त्यावर थेट ठेवलं तर ते तळाशीच दिसणार. अशा बाळांसाठी सुरुवातीला वेगळे तक्ते असतात आणि पुढेही वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. शेजारच्या घरातलं साडेतीन किलोचं गुटगुटीत बाळ हा तर तक्ताच नव्हे.

समजा, हिशेब नीट केला आणि तरी वाढ खरंच कमी निघाली. तरीसुद्धा "म्हणजे दूध कमी" ही उडी घाईची आहे. दूध बनणं वेगळं आणि ते बाळाच्या पोटात पोचणं वेगळं. ३४ ते ३६ आठवड्यांची बाळं दिसायला पूर्ण दिवसांच्यासारखी असतात, पण लवकर दमतात. स्तन तोंडात घेतात, चार घोट ओढतात आणि झोपी जातात. तोंड हलत राहतं, गिळणं थांबलेलं असतं. घरचे खूश, "किती शहाणं आहे, रडत नाही." मला या शहाण्या बाळाचीच जास्त धास्ती वाटते. जुळ्यांत एक रडून आपला वाटा मिळवतं आणि दुसरं निजून राहतं, दोन-तीन दिवस हे कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा बाळाला भूक लागायची वाट न पाहता दर दोन-तीन तासांनी उठवायचं, कपडे सैल करून अंगाशी घ्यायचं, चोखणं मंदावलं की स्तन हलकेच दाबून धार वाढवायची आणि गिळण्याचा आवाज ऐकायचा. आईला प्रत्येक वेळी दुखत असेल तर बहुधा बाळानं स्तन नीट धरलेला नाही, ते कुणा जाणत्या नर्सला किंवा स्तनपान सल्लागाराला समोर बसवून दाखवायचं. दोघांना एकदम पाजणं सुरुवातीला जमलं नाही तरी काही बिघडत नाही. आधी एकेकाचं धरणं सुधारू द्या.

यातूनच निरोपातल्या वाटणीचा धोका कळतो. बाळं नीट ओढत नाहीत, त्यामुळे स्तन भरलेले राहतात, त्यामुळे दूध खरोखर घटायला लागतं. त्यात एका बाळाचं पाजणं पूर्ण बंद केलं आणि तेवढं दूध काढलंही नाही, की मागणी अर्ध्यावर येते. पंधरा दिवसांनी आईचं दूध एका बाळापुरतंच उरतं आणि पाठवणारा म्हणतो, बघा, मी सांगितलं होतं. सल्ल्यानंच स्वतःला खरं करून घेतलं. सुरुवातीच्या दिवसांत बाळं अशक्त असतील तर उलट करावं लागतं: पाजून झालं की उरलेलं दूध हातानं किंवा पंपानं काढायचं आणि तेच वाटी-चमच्यानं पाजायचं. बाळं काचेच्या पेटीत असतील आणि अंगावर घेताच येत नसतील, तर दिवस-रात्र मिळून आठ वेळा तरी काढायचं, रात्रीची एखादी वेळ धरून. फार दमवणारं काम आहे. दूध काढणं आईलाच करावं लागतं, पण पंपाचे भाग धुणं, वाटी-चमचा उकळणं आणि दुसऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं निरोप पाठवणाऱ्यांनाही जमतं.

"पंपातून निघेल तेवढंच दूध" हेही चूक. पंपाची स्तनावर बसणारी वाटी मापाची नसली, आई ताणात असली, नुकतंच पाजून झालं असलं, तर थोडंच निघतं. चांगलं ओढणारं बाळ पंपापेक्षा जास्त काढू शकतं. पंप दूध टिकवायला उपयोगी आहे, मोजायला नाही.

पातळ दुधाबद्दल एवढंच. एकाच वेळच्या पाजण्यात सुरुवातीचं दूध पातळ आणि पुढचं घट्ट असतं, दिवसभराच्या बेरजेत हा फरक मिटतो. रंग पाहून दुधाचा कस कळत नाही.

रोजच्या वजनाचं काय? रुग्णालयात छोट्या बाळांचं रोज वजन करतात ते योग्यच, तिथं काटा आणि वेळ ठरलेली असते. घरी मात्र सकाळी पोटभर प्यायल्यावर आणि दुसऱ्या दिवशी शी झाल्यावर वजन केलं तर ५० ग्रॅमचा फरक सहज पडतो, म्हणजे दोन दिवसांची वाढ गायब. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, त्याच काट्यावर, बाळाला उघडं ठेवून वजन करावं. दोघांच्या नोंदी वेगळ्या हव्यात, शू-शीच्यासुद्धा. "दोघांचे मिळून दहा लंगोट ओले" या नोंदीत एकाचे आठ आणि दुसऱ्याचे दोन लपून बसतात.

याच्या अगदी उलटा निरोपही फिरतो: "प्रत्येक आईला पुरेसं दूध असतंच, वरच्या दुधाचा थेंबही देऊ नका." तो मला पहिल्याहून जास्त घातक वाटतो. प्रसूतीत फार रक्तस्राव झाला, वारेचा तुकडा आत राहिला, थायरॉईडचा त्रास आहे, स्तनावर शस्त्रक्रिया झाली आहे किंवा दूध बनवणारा भागच कमी आहे, तर दूध खरोखर कमी पडू शकतं. सिझेरियननंतर ते उतरायला उशीरही होतो. तेव्हा बाळाला खाऊ घालणं आधी. पहिली पसंती आईच्या काढलेल्या दुधाला, मग मिळत असेल तर मानवी दूधपेढीच्या (इतर आयांनी दान केलेल्या) दुधाला, नंतर फॉर्म्युल्याला, म्हणजे बाळांसाठीच्या डब्यातल्या पावडरच्या दुधाला. किती आणि कोणत्या बाळाला, हे डॉक्टर वजन पाहून ठरवतील. वरचं काही दिवस द्यावं लागलं म्हणून अंगावरचं सुटत नाही, फक्त सोबत दूध काढत राहायचं. पावडर डब्यावरच्या मापानंच कालवायची, पुरवून वापरायला पाणी वाढवायचं नाही. गाई-म्हशीचं दूध, पाणी, मध या वयात अजिबात नको.

राहिला "कुपोषित" हा शब्द. लहान चणीचं, पण जागं होऊन पिणारं आणि तक्त्यावरच्या आपल्या रेषेवर चढत जाणारं बाळ कुपोषित नसतं. काळजीच्या खुणा वेगळ्या आहेत: पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले, शू गडद किंवा विटकरी डागाची, तोवर काळी शी जाऊन पिवळी न लागणं, पाचव्या दिवसानंतरही वजन उतरत राहणं, दोन आठवड्यांनीही जन्मवजन न गाठणं, कावीळ वाढत जाणं, बाळ उठवूनही न उठणं किंवा दोन वेळा पिणं टाळणं. यातलं काहीही एकाही बाळात दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, आणि दुसरं ठीक दिसत असलं तरी त्याचंही वजन तिथंच करून घ्यायचं.